सांडव्याखालचं नदीपात्र: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात एकच विचारणा सुरू होते: किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलं? पाणी मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतात, कधी येणार, पंपाच्या मोटारी कधी काढायच्या हे त्या आकड्यावर ठरतं, त्यामुळे ती विचारणा रास्तच आहे. पण सांडव्यावरून, म्हणजे धरणातलं जादा पाणी जिथून खाली सोडतात तिथून, उतरलेलं पाणी पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये नदीच्या तळाचं काय करतं, याकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते धरणाची तब्येत आणि खालच्या काठाचं भवितव्य बऱ्याच अंशी तिथंच ठरतं. नदीकाठचे शेतकरी, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि सिव्हिलला शिकणारी मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह इथं दिले आहेत.

सांडव्याखाली पात्र खचतं म्हणजे नक्की काय होतं?

एक हिशेब करून बघू. पाणी ३० मीटर उंचीवरून खाली आलं, तर पायथ्याशी त्याचा वेग सेकंदाला २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास असतो. अशा उंचीवरून ५० हजार क्युसेक विसर्ग चालू असेल तर सेकंदाला १,४१६ घनमीटर पाणी पडतं आणि त्यातली ताकद सुमारे ४१७ मेगावॅट भरते. वीजगृहात ही ताकद टर्बाइन घेतं. सांडव्याखाली ती घ्यायला नदीच्या तळाशिवाय कुणी नाही. विसर्ग आठवडाभर चालू राहिला तर रात्रंदिवस हा मारा सुरूच असतो.

त्यातून तीन गोष्टी होतात. पहिली, पाणी आदळतं तिथं खोल खड्डा पडतो आणि तो हळूहळू धरणाच्या पायाकडे सरकू शकतो. दुसरी, धरणाखाली काही किलोमीटरपर्यंत पात्राचा तळच खाली जातो. गाळ वर जलाशयात बसतो, खाली येणारं पाणी गाळाविना येतं आणि वाटेतली माती-वाळू उचलत जातं. तिसरी, तळ खाली गेला की काठ उंच आणि उभे होतात, त्यांना खालून आधार राहत नाही आणि ते ढासळतात. ज्याची मळी जाते त्याला तिसरी गोष्ट दिसते. पण ती सुरू होते पहिल्या दोन गोष्टींपासून.

आमच्याकडे तर काळा कातळ आहे. कातळाला काय होणार?

उन्हाळ्यात नदी आटली की कृष्णेच्या किंवा दूधगंगेच्या पात्रात उतरून तो कातळ जवळून बघा. वरून अखंड वाटणाऱ्या खडकात पाच-सहा बाजूंच्या भेगा दिसतील. काही भेगांत खुरप्याचं पातं सहज शिरतं, काहींत मातीचा बारीक थर भरलेला असतो. लाव्हा थंड होताना आकसला, त्यातून या भेगा पडल्या. दख्खनच्या बेसॉल्टचा हा स्वभावच आहे.

पाण्याचा झोत कातळावर पडतो तेव्हा दाब सारखा राहत नाही, क्षणाक्षणाला वरखाली होतो. हा दाब भेगेतून आत शिरतो आणि ठोकळ्याला खालून उचलतो. हादरे खात खात ठोकळा सैल होतो आणि एखाद्या मोठ्या विसर्गात बाहेर फेकला जातो. त्याची जागा मोकळी झाली की शेजारच्या ठोकळ्याची एक बाजू उघडी पडते. त्यामुळे कातळ झिजण्यापेक्षा ठोकळ्या-ठोकळ्यानं निखळण्याचा धोका मोठा असतो.

शिवाय दोन लाव्हा थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या गेरूसारखा मऊ थर असतो. विहीर खोदणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. वरचा कठीण थर फुटून पाणी त्या तांबड्यापर्यंत पोचलं की खालून पोखरणं फार झपाट्यानं होतं. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गाकडे खडक वेगळा आहे. तिथं कलादगी मालिकेचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट आहेत. क्वार्टझाइट बेसॉल्टपेक्षा कठीण, पण थर आणि सांधे त्यालाही आहेत. म्हणून खडक कोणता एवढंच विचारून भागत नाही. भेगा किती जवळजवळ, कोणत्या दिशेला कललेल्या आणि त्यांत काय भरलंय, हे बघावं लागतं.

गोकाकचा धबधबा हजारो वर्षं पडतोय. तिथला खडक अजून उभा आहे ना?

उभा आहे, पण आहे तिथंच नाही. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. धबधब्याच्या पायथ्याशी डोह पडतो, खालचा खडक पोखरला जातो, वरची कड तुटते आणि धबधबा वरच्या अंगाला मागे सरकतो. धबधब्यांची ही नेहमीची रीत आहे. त्याला हजारो वर्षं लागतात आणि त्यात कुणाचं नुकसान नाही. धरणाच्या बाबतीत मागे सरकायला जागाच नसते, कारण खड्ड्याच्या मागेच धरणाचा पाया असतो. दुसरा फरक असा की नदी रोज थोडं थोडं काम करते, तर सांडवा वर्षाकाठी मोजके दिवस पण पूर्ण जोरानं चालतो.

मग पाण्याची ताकद मारतात कशी?

संपूर्ण विषयाचं मर्म या उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पात्राचं रक्षण म्हणजे तळावर दगड-काँक्रीट टाकणं, असा समज सगळीकडे आहे. खरं काम त्याच्या आधीचं आहे. पाण्याची ताकद आपण ठरवलेल्या जागी संपवायची, म्हणजे पुढं नदीला तिचा नेहमीचा वेग मिळतो आणि दगड-काँक्रीट फार लागत नाही.

पहिली पद्धत शमनकुंडाची, इंजिनिअरांच्या भाषेत स्टिलिंग बेसिन. सांडव्याच्या पायथ्याशी काँक्रीटची लांब फरशी, दोन्ही बाजूंना भिंती आणि शेवटी उंबरा. वेगानं, पातळ थरात आलेलं पाणी पुढच्या संथ, खोल पाण्याला धडकतं आणि एकदम उसळून वर चढतं. या जलउसळीत पाणी स्वतःशीच घुसळलं जातं आणि ताकद फेसात, आवाजात, उष्णतेत विरते. उसळी नीट बसली तर ४५ ते ७० टक्के ताकद तिथल्या तिथं जाते. त्यासाठी येणाऱ्या पाण्याचा वेग आणि खोली यांचं प्रमाण जमावं लागतं. फ्राउड अंक म्हणतात तो साडेचार ते नऊच्या दरम्यान असला की उसळी स्थिर राहते. त्याच्या खाली ती डळमळते आणि लाटा लांबवर काठाला मारत जातात. फरशीवर काँक्रीटचे दात बसवले तर उसळी कमी लांबीत आटोपते. आपल्या देशात अशा कुंडांच्या आराखड्यासाठी १९६८ पासून भारतीय मानक ४९९७ आहे.

दुसरी पद्धत झोत लांब फेकण्याची. सांडव्याच्या शेवटी काँक्रीटची वर वळलेली बकेट असते. पाणी तिच्यावरून हवेत उडतं, फाटतं आणि धरणापासून दूर जाऊन पडतं. जिथं पडेल तिथं खड्डा पडणारच, हे गृहीत धरलेलं असतं. म्हणून ही पद्धत चांगल्या खडकावरच वापरतात आणि पुष्कळदा तिथं आधीच खोदून डोह तयार ठेवतात. तिसऱ्या प्रकारात बकेट पाण्याखाली बुडालेली असते आणि पाणी तिच्यात गोल लोळत ताकद हरवतं. खाली पाण्याची खोली भरपूर असेल तरच ती चालते.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. सांडव्याखाली नदीत पाणी किती उंच उभं आहे, म्हणजे टेलवॉटर किती आहे, यावर सगळं अवलंबून असतं. शमनकुंडात ते कमी पडलं की उसळी कुंडाबाहेर ढकलली जाते आणि उघड्या पात्रावर जाऊन बसते. बकेटीच्या झोताखाली ते कमी पडलं की झोताला पाण्याची गादी मिळत नाही.

उसळी नीट बसली की नाही, हे काठावरून कळतं का?

पुष्कळसं कळतं. परवानगी असलेल्या जागेवरूनच बघा, सांडव्याजवळ उतरू नका. पांढरा फेस सांडव्याच्या पायथ्यापासून सुरू होत असेल आणि कुंडाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पाणी घुसळत असलं तरी पुढं गढूळ, जड आणि संथ होत असेल, तर उसळी जागेवर आहे. उलट कुंडावरून पाणी गुळगुळीत, चकाकत, पातळ पत्र्यासारखं सरकत असेल आणि फेस भिंतीच्या पलीकडे सुरू होत असेल, तर उसळी बाहेर गेली आहे. अशा वेळी तारीख, वेळ आणि त्या दिवशी जाहीर झालेला विसर्ग लिहून फोटो काढून ठेवा. असा एक फोटो अभियंत्याला चार पानी तक्रारीपेक्षा जास्त सांगतो.

वाळू उपशाचा याच्याशी काय संबंध? वाळू तर धरणापासून कितीतरी खाली काढतात.

संबंध थेट आहे, आणि मला वाटतं आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. आत्ताच सांगितलं की सांडव्याखाली पाणी किती उंच उभं राहतं यावर उसळी अवलंबून असते. ती उंची खालच्या पात्रावरून ठरते. खालची वाळू खरवडून पात्र मीटर-दीड मीटरनं खाली नेलं, तर तेवढ्याच विसर्गाला पाण्याची पातळीही खाली येते. मग धरणाच्या आराखड्यात धरलेलं टेलवॉटर प्रत्यक्षात मिळत नाही. कुंड जसंच्या तसं, काँक्रीट जसंच्या तसं, तरी उसळी बाहेर.

वाळूचा खड्डा जिथं आहे तिथंच थांबत नाही, हेही लक्षात घ्या. खड्ड्याच्या वरच्या कडेवर पाण्याला जास्त उतार मिळतो, ती कड तुटते आणि खड्डा वर वर सरकतो. वाटेतले पुलाचे खांब, बंधाऱ्याचा पाया, जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), सगळं उघडं पाडत जातो. नदीकाठच्या विहिरींचं पाणी खाली गेलं म्हणून ओरड होते, तीही याच कारणाची असू शकते. म्हणून धरण-बंधाऱ्याखालचा उपसा थांबवणं हे पात्ररक्षणाचं सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि ते ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू करता येतं.

दरवाजे उघडण्याच्या पद्धतीचा धूपीशी संबंध असतो का?

असतो, आणि मोठा असतो. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाला सांडव्यावर दहा दरवाजे आहेत. असे अनेक दरवाजे असलेल्या सांडव्यावर एका कडेचे दोन दरवाजे पूर्ण उघडले आणि बाकीचे बंद ठेवले, तर एका बाजूला जोराचा झोत आणि दुसऱ्या बाजूला उलटा फिरणारा भोवरा तयार होतो. हा भोवरा खालच्या पात्रातले दगड-गोटे उचलून शमनकुंडात आणून टाकतो. एकदा आत आले की ते बाहेर जात नाहीत. फेसाळत्या पाण्यात ते फरशीवर गोल गोल फिरत राहतात आणि जात्यात दळल्यासारखं काँक्रीट दळून काढतात. कुंड कोरडं करून बघितलं की फरशीत गुळगुळीत, गोल खळगे दिसतात, आत सळई उघडी पडून चकाकत असते आणि तळाशी घासून गोल झालेले दगड बसलेले असतात.

म्हणून नियम असा की दरवाजे मधून सुरू करून दोन्ही कडांकडे समान उघडायचे, थोडे थोडे उघडायचे आणि बंद करताना उलट क्रमानं जायचं. एखादा दरवाजा अडकला असेल तर त्याच्या जोडीचा दुसऱ्या बाजूचाही त्याच प्रमाणात ठेवायचा. बांधकाम किंवा दुरुस्ती संपल्यावर कुंडात एकही दगड, सळईचा तुकडा, फळी राहू द्यायची नाही. यासाठी पैसा लागत नाही, शिस्त लागते.

दरवाजा तुटल्यावर हा सगळा क्रम हाताबाहेर जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रा धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, तेव्हा एकाच गाळ्यातून पाणी बेलगाम सुटलं आणि तोल राखायला इतर दरवाजेही उघडावे लागले. दरवाजाची साखळी आणि खालचं पात्र हे दोन वेगळे विषय मानू नयेत, ते यासाठी.

मोठे मोठे दगड टाकले तर पात्र थांबेल ना?

ताकद आधी मेलेली असेल तर थांबेल. नसेल तर दगड वाहून जातील.

वाहत्या पाण्यात दगड टिकायला त्याचं वजन किती हवं, ते वेगाच्या सहाव्या घातानं वाढतं. सेकंदाला दोन मीटर वेगाला साधारण सहा-सात किलोचा दगड पुरतो. तोच वेग चार मीटर झाला की दगड चौसष्ट पट, म्हणजे चारशे किलोच्या घरात लागतो. सांडव्याच्या पायथ्याशी वेग याच्या कितीतरी पट असतो, तिथं कुठल्याच खाणीतला दगड पुरणार नाही. कुंड संपल्यानंतर, पाणी शांत झाल्यावर जो थोडा जोर उरतो, त्याच्यासाठी दगड आहे.

तिथंही नुसता ट्रॅक्टर ओतून चालत नाही. दगडाखाली गाळणीचे थर हवेत: आधी वाळू, मग खडी, मग मोठा दगड, किंवा जिओटेक्स्टाइलचं कापड. गाळणी नसेल तर दगडांच्या फटींतून खालची माती निघून जाते आणि पिचिंग, म्हणजे हा दगडी थर, आतून पोकळ होऊन एका रात्रीत खाली बसतं. काळ्या मातीच्या काठावर हे फार वेळा होतं. दगड एकाच मापाचे नकोत. लहान-मोठे मिसळलेले हवेत, म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतात. आणि पिचिंगचा पाया आज दिसतो त्या तळावर ठेवू नका, पुरात तळ जिथवर उतरेल तिथवर न्या, नाहीतर पायथ्याशी सैल दगडांची रुंद पट्टी द्या. तळ खचला की ते दगड आपोआप उतारावर घसरून बसतात.

तारेच्या जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन, लहान ओढ्यांवर चांगले. मोठ्या नदीत गोटे घासून तार तुटते आणि एक तार तुटली की पेटी रिकामी होत जाते.

खड्डा काँक्रीटनं भरून टाकला की झालं, नाही का?

झोत जिथं पडतो तो डोह म्हणजे पाण्याची गादी असते. तो भरून टाकला तर झोत पुन्हा कमी खोलीवर आदळेल आणि भरलेला माल उचलून फेकेल. आफ्रिकेत झांबेझी नदीवर १९५९ मध्ये पूर्ण झालेलं करिबा धरण आहे. त्याच्या दरवाजांमधून पडणाऱ्या झोतांनी खाली सुमारे ८० मीटर खोल खड्डा पाडला. तिथं अलीकडे केलेला उपाय भरण्याचा नव्हता. खड्ड्याला नवा आकार देऊन खालच्या अंगाला तो रुंद करायचा, म्हणजे पाण्याची ताकद पसरते आणि खड्डा धरणाकडे सरकत नाही, अशी ती कल्पना.

आपलं पाणी पुढं ज्या कृष्णेला मिळतं, त्याच कृष्णेवर श्रीशैलम धरण आहे. ऑक्टोबर २००९ च्या महापुरात तिथं आराखड्यात धरल्यापेक्षा जास्त पाणी आलं. त्याच्या सांडव्याखालचा डोह आज तज्ज्ञांच्या काळजीचा विषय आहे. अशा ठिकाणी पहिलं काम मोजणीचं: दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याखालच्या तळाचा नकाशा काढायचा आणि मागच्या वर्षीच्या नकाशावर ठेवून बघायचा. खड्डा खोल होतोय की धरणाकडे येतोय, हा फरक फार महत्त्वाचा आहे. धरणाकडे येत असेल तर बाजूच्या खडकाला सळयांनी बांधणं, मऊ पट्टे खरवडून काँक्रीट भरणं आणि धरणाच्या पायथ्याशी खोल भिंत घालणं हे उपाय करतात.

एवढी जाड काँक्रीटची फरशी उखडते तरी कशी?

खालून. फरशीच्या सांध्यातून किंवा भेगेतून वेगवान पाणी आत घुसलं की वेगाचं रूपांतर दाबात होतं आणि तो दाब फरशीला वर उचलतो. वरून पाणी पातळ आणि खालून दाब मोठा, अशा वेळी मीटरभर जाडीचं काँक्रीटही उठतं. म्हणून फरशी खडकाला सळयांनी जखडतात, सांध्यात पाणी अडवणारी पट्टी घालतात आणि खालून झिरपणारं पाणी निघून जायला निचऱ्याचे पाइप ठेवतात. ते पाइप गाळानं तुंबले तर सगळी व्यवस्था असून नसल्यासारखी.

कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाच्या सांडव्यावर फेब्रुवारी २०१७ मध्ये असंच भगदाड पडलं. मुख्य सांडवा खराब झाल्यावर पाणी आपत्कालीन सांडव्यावरून गेलं. तिथं जेमतेम १२-१३ हजार क्युसेक पाणी होतं. एवढा विसर्ग आपल्या नद्यांना पावसाळ्यात नेहमीचा. पण खाली संरक्षण नसलेली उघडी टेकडी होती. ती कुणाच्या अंदाजापेक्षा वेगानं मागे कापत आली आणि १ लाख ८८ हजार माणसांना घरं सोडावी लागली. किती पाणी गेलं यापेक्षा ते कशावरून गेलं, हे तिथं ठरवणारं होतं.

खड्डा किती खोल जाईल, हे आधी सांगता येतं का?

अंदाज करता येतो. गाळाच्या पात्रासाठी लेसीचं सूत्र आपल्याकडे जुनं आहे. मीटरभर रुंदीतून सेकंदाला १० घनमीटर पाणी जात असेल आणि तळ मध्यम गाळाचा असेल, तर पुराच्या पातळीपासून सव्वासहा मीटरपर्यंत खरवडण्याचा हिशेब निघतो. झोताखालच्या डोहासाठी वेगळी सूत्रं आहेत. पण भेगाळ खडकात सूत्राचं उत्तर फार फार तर दिशा दाखवतं. म्हणून मोठ्या धरणांची लहान प्रतिकृती करून तिच्यावरून पाणी सोडून बघतात. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे काम करतं, कर्नाटकात कृष्णराजसागरला राज्याचं संशोधन केंद्र आहे. विद्यार्थ्यांनी संधी मिळाली तर अशी प्रतिकृती चालू असताना एकदा जरूर बघावी.

आमच्याकडे धरण नाही, पूल-बंधारा आहे. त्याला हे लागू होतं का?

पूर्ण लागू होतं. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेवर कल्लोळ-यडूर, सदलगा-बोरगाव, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज असे बंधारे आपल्या रोजच्या वाटेवरचे आहेत. उंची कमी, पण पाया बहुतेक वेळा मोठ्या धरणासारखा खोल नसतो. बर्गे, म्हणजे गाळ्यांत पाणी अडवायला घालायच्या फळ्या, घातलेले असताना वरून पाणी पडलं की फरशीच्या शेवटी खड्डा पडतो, फरशीखालची माती निघते आणि मग फरशीचा एखादा तुकडा मधूनच खाली बसतो.

सगळ्यात मोठा धोका बर्गे वेळेवर न काढण्याचा. पहिला जोराचा पाऊस झाला आणि बर्गे तसेच असले, तर पाणी बंधाऱ्याच्या बाजूनं वाट काढतं, काठ कापतं, आणि बंधारा नदीच्या मधोमध उभा राहून नदी शेतातून जाते. अडकलेली झाडं, उसाचं पाचट, जलपर्णी यांनीही गाळे तुंबून हेच होतं. उन्हाळ्यात नदी आटली की फरशीच्या खालच्या कडेला काठी घालून बघा. काठी फरशीखाली आडवी शिरत असेल तर ताबडतोब कळवा. त्या टप्प्यावर दुरुस्ती आवाक्यात असते. खालच्या कडेला काँक्रीटची खोल भिंत आणि तिच्यापुढं दगडांची पट्टी घातली की काम होतं.

पूर असताना काठ उभा राहतो आणि पाणी ओसरल्यावर ढासळतो. असं का?

पुरात माती पाण्यानं फुगलेली असते, पण समोरून नदीचं पाणी तिला टेकू देतं. दरवाजे झटकन बंद झाले की नदी काही तासांत उतरते, मातीतलं पाणी मात्र तेवढ्या लवकर निघत नाही. टेकू गेला, वजन तसंच राहिलं आणि आतला दाबही राहिला. काळी माती पाणी सोडायला फार वेळ घेते, म्हणून आपल्याकडे हे जास्त दिसतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कितीतरी जणांच्या बांधालगतच्या सऱ्या अशाच गेल्या. विसर्ग टप्प्याटप्प्यानं कमी करणं हा यावरचा खरा उपाय आहे, आणि तो मागण्याचा नदीकाठच्या शेतकऱ्याला हक्क आहे.

आपल्या हातातलंही थोडं आहे. पाइपलाइनसाठी काठ उभा कापून चर तशीच उघडी ठेवू नका. पुढच्या पुरात पाणी नेमकं तिथून आत येतं. उसाची शेवटची सरी अगदी कडेला आणू नका.

बांबू, वाळा, करंज लावले तर?

धरणापासून लांब, काठाच्या वरच्या उतारावर जरूर लावा. वाळ्याची मुळं माती चांगली धरतात. सांडव्याजवळ मात्र झाडं नकोत. मुळं सांध्यात शिरतात, आणि उन्मळलेलं झाड पुरात फरशीवर आदळतं.

गावतळ्याच्या सांडव्याखाली ओघळ मागे मागे सरकतोय. काय करावं?

याला वेळ लावू नका. बहुतेक लहान तळी बांध फुटून जातात असं वाटतं, पण सुरुवात पुष्कळदा सांडव्याच्या चराच्या शेवटी, जिथं पाणी ओढ्यात उतरतं तिथं होते. तिथं एक पायरी तुटते आणि दर पावसाळ्यात ती वर सरकत तळ्याकडे येते. ओघळाच्या माथ्यावर माती टाकून उपयोग नाही, पहिल्याच सरीत ती जाते. खालून सुरुवात करा. ओढ्याच्या तळाशी दगडी आडवी भिंत, तिच्या वर काही अंतरावर दुसरी, अशा पायऱ्या करत या. प्रत्येक भिंतीचे दोन्ही हात काठात खोल घुसवा आणि पाणी पडतं तिथं दगडी फरशी करा. शेवटी ओघळाचा माथा उतार देऊन दगडांनी बांधा.

धरण महाराष्ट्रात, पात्र कर्नाटकात. दाद मागायची कुणाकडे?

धरणाची आणि त्याच्या सांडव्याची जबाबदारी धरणाच्या मालकाची. काळम्मावाडी, पाटगाव, राधानगरी, कोयना यांची महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याकडे, हिडकल आणि नविलुतीर्थची कर्नाटक नीरावरी निगमाकडे. धरण सुरक्षा कायदा २०२१ दोन्ही राज्यांना सारखाच लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच धरणं, आणि काही अटींत बसणारी १० ते १५ मीटरची धरणंही, त्यात येतात. पावसाळ्याआधी आणि नंतर दरवर्षी तपासणी, शिवाय मोठ्या पुरानंतरही तपासणी, हे त्यात बंधनकारक आहे. राज्यांच्या धरण सुरक्षा संघटनांमधले वाद सोडवायला राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण आहे. तपासणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागा आणि त्यात सांडव्याखालच्या पात्राबद्दल काय लिहिलंय ते बघा. एकच ओळ असेल तर पुढचा अर्ज त्या ओळीवर करा.

अर्जात काय लिहावं?

कैफियत थोडक्यात आणि मोजमाप जास्त. काठावरची एक पक्की खूण धरा: पुलाचा खांब, विहिरीचा कठडा, जॅकवेल. त्या खुणेपासून काठाची कड किती फुटांवर आहे ते मे महिन्यात आणि दिवाळीनंतर मोजून लिहा, दोन्ही वेळा त्याच जागेवरून फोटो काढा. जमिनीचा उतारा आणि सर्व्हे नंबर जोडा. कर्नाटकातल्या कार्यालयासाठी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडली तर कागद लवकर हलतो. एक प्रत ग्रामपंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे), एक तहसीलदारांकडे आणि एक धरण किंवा बंधारा ज्यांच्याकडे आहे त्या कार्यकारी अभियंत्याकडे द्या, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. अर्ज डिसेंबर-जानेवारीत गेला तर अंदाजपत्रक होऊन उन्हाळ्यात, पात्र कोरडं असताना काम निघू शकतं. जूनमध्ये दिलेल्या अर्जावर काही करायचं म्हटलं तरी पाण्यात उतरता येत नाही.